आतून काळा जॉइंट

वाफेच्या लाइनचं एक आहे, बाहेरून कितीही देखणी असली तरी तिची लायकी आत ठरते. स्टेनलेसचा पाइप जोडताना बाहेरून वेल्डिंगच्या टॉर्चचा गॅस मिळतो, पण पाइपच्या आतली हवा हाकलायला दुसऱ्या नळीने आर्गॉन वायू सोडावा लागतो. नाही सोडला तर आतली शिवण करपलेल्या साखरेसारखी काळी, खडबडीत होते. तिथे गंज धरतो, वाफ त्याचे कण पुढे नेते, आणि आमचे पाइप दुधाच्या कारखान्यांत बसतात. म्हणून असा जॉइंट मी नापास करते. दयामाया नाही. इथे न्यूझीलंडमध्ये, ओटाहुहूच्या आमच्या वर्कशॉपात वेल्डर माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि मला ते आवडतं.

हे सगळं मला चंद्रहास सरांनी शिकवलं. चिंचवडला वेल्डिंगच्या वर्गात, वीस वर्षांपूर्वी. साठ पुरुषांत मी एकटी मुलगी. एकच जॉइंट त्यांनी मला अकरा वेळा कापून परत करायला लावला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "नीलांबरी, पोळ्या तरी गोल येतात का?" साठच्या साठ जण हसले. पुढे मी त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून वेल्डिंग इन्स्पेक्टर झाले, देश सोडला, इथे फ्लॅट बुशला मोठं घर घेतलं. ते हसणं काही सुटलं नाही.

यंदा मार्चमध्ये तेच सर माझ्यासमोर वेल्डिंगच्या टेस्टला आले. वय अठ्ठावन्न. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी कौमुदी इथेच पापाकुराला राहणारी, नर्स. सरांच्या व्हिजिटर व्हिसाचे तीन आठवडे उरले होते. पास झाले तर आमचा मालक क्रेग नोकरी देणार, मग वर्क व्हिसाला अर्ज. नापास झाले तर चिंचवडचा रिकामा फ्लॅट. आदल्या दिवशी कौमुदीचा फोन आला होता. "ताई, बाबांना टेस्टमध्ये सूट वगैरे नको हं. पण तुम्ही आहात म्हटल्यावर मला टेन्शनच नाही."

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. लेकीने पढवलेलं "किया ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, क्रेगला म्हणाले आणि स्वतःच लाजले.

टेस्टच्या आधी इन्स्पेक्टरने आतला गॅस तपासून फॉर्मवर सही करायची असते. मी न बघताच केली. म्हटलं, सर बघतीलच. त्यांची सवय मला पाठ होती. पाइपच्या दुसऱ्या टोकाशी लायटर धरायचा, ज्योत विझली की गॅस पोचला, मगच टॉर्च पेटवायचा. सख्ख्या भावाने सांगितलं तरी स्वतः बघितल्याशिवाय हात लावायचे नाहीत. त्या दिवशीही त्यांनी लायटर काढला. मग फॉर्मवरची माझी सही दिसली, आणि त्यांनी तो परत खिशात ठेवला.

"तू बघितलंयस ना? मग झालं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर काम सुरू केलं, कारण तो शब्द त्यांच्या विद्यार्थिनीचा होता.

"हो सर," मी म्हणाले.

त्यांचा हात या वयातही दगडासारखा स्थिर होता. मी बघत उभी राहिले, आणि तेव्हा मला आत आर्गॉन नेणारी नळी दिसली. सिलिंडरच्या ट्रॉलीचं चाक तिच्यावर चढलं होतं. नळी चपटी. आत गॅसचा पत्ता नाही. पायाने ट्रॉली ढकलली असती तरी काम झालं असतं.

अर्ध्यावर सर थांबले. मास्क वर केला.

"आत तडतडतंय गं. गॅस आहे ना?"

मला पोळ्या आठवल्या.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी मास्क खाली घेतला आणि उरलेला जॉइंट पुरा केला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

क्रेगने पाइप उभा चिरला. बाहेरून शिवण एकसारखी, सुरेख. आतून काळीठिक्कर. क्रेग हळहळला. सरांचं काम त्याला आवडलं होतं.

"गिअरचा काही प्रॉब्लेम होता का?" त्याने मला इंग्रजीत विचारलं. "तसं असेल तर उद्या परत घेऊ. नो वरीज."

हो म्हटलं तर माझी सही खोटी ठरत होती आणि लायसन्स जात होतं. सर वाकून पाइपच्या आत बघत होते. मग त्यांची नजर नळीवरून सरकत ट्रॉलीच्या चाकापाशी गेली. तिथून फॉर्मवर. तिथून माझ्यावर.

"नो सर," ते क्रेगला म्हणाले. "गॅस ओके. माय मिस्टेक."

क्रेगने फॉर्मवर नापास लिहिलं. मी खाली सही केली.

बाहेर पार्किंगमध्ये मी विचारलं, "तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं लायसन्स गेलं असतं. माझ्या हाताखालून एकच इन्स्पेक्टर तयार झालाय." ते शांत होते, आणि त्याचाच मला संताप आला. शिव्या घातल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. "पण नीलांबरी, आज एकदा खोटं बोललो. आता परत जमायचं नाही. कौमुदीला तूच सांग काय झालं ते."

मी तिथेच फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"ताई! पास ना?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार, निदान लेकीला तरी मी खरं सांगेन. मीही क्षणभर तेच धरून चालले होते.

"नाही गं," मी म्हणाले. "वय झालं त्यांचं. हात थरथरतात आता."

फोनवर कौमुदी रडायला लागली. सरांनी दोन्ही हात खिशात घातले आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले.