पैलवानाचा डबा

शालूबाई गेली हे गल्लीला सकाळी कळलं, आणि दुपार व्हायच्या आत तिच्या नवऱ्याच्या, नथूच्या ओट्यावर डब्यांची रांग लागली.

दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही. म्हणून लोणावळ्याच्या त्या उताराच्या गल्लीत ज्याच्या घरी जे शिजलं होतं ते भरून आलं. शेजारच्या येसूबाई गायकवाडांनी भाकरी आणि आमटी आणली. समोरच्या दुरैयाबेननी दाळ-भात आणला. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, बोहऱ्यांचं जुनं घर. कोपऱ्यावरच्या आग्नेसबाईंनी पाव आणि बटाट्याची भाजी दिली. त्यांचा नवरा ज्यो घाटातल्या इंजिनावर ड्रायव्हर होता आणि नथू त्याच घाटात रूळ दुरुस्त करणारा गँगमन. कोणी काय आणलं, कशात आणलं, यातलं नथूला त्या दिवशी काहीच दिसलं नाही. तो भिंतीला टेकून बसला होता. तेराव्यापर्यंत डबे येत राहिले, लोक जेवत राहिले, आणि धुतलेल्या भांड्यांचा ढीग मोरीजवळ चढत गेला.

तेरावं झालं तसा मुलगा निलेश म्हणाला, "आबा, आता चला चिंचवडला. इथं एकटे काय करणार?"

"ऱ्हाईन की."

"आणि खाणार काय? तुम्हाला साधा कुकर लावता येत नाही."

ते खरं होतं. शालूनं त्याला कधी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. पण चिंचवडच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर बसून खाली गाड्या बघायच्या, या विचारानंच नथूचा जीव घाबरा व्हायचा. तो म्हणाला, "लोकांची भांडी देऊन टाकतो, मग बघू."

"नाताळच्या सुट्टीत गाडी घेऊन येतो. तोवर द्या." निलेश निघता निघता थांबला. "आणि रिकामीच द्या. दुखवट्याची भांडी रिकामी दिली तरी कोणी काही म्हणत नाही."

"तुज्या आईनं कदी दिलंय का रिकामं भांडं?"

संक्रांतीचा तिळगूळ असो, बुद्धपौर्णिमेची खीर असो, ईदचा शिरखुर्मा असो की नाताळचा केक, ज्या भांड्यातून आलं त्याच भांड्यात शालू काही ना काही घालून परत पाठवायची. घरात काही नसलं तर मूठभर इंद्रायणी तांदूळ तरी. गल्लीत सगळ्यांचीच तशी रीत होती, पण शालूचा हात जरा जास्त सढळ.

दुसऱ्या दिवशी नथू बाजारात गेला आणि चिक्कीचे पुडे घेऊन आला. एक पुडा हाताला आलेल्या एका पातेल्यात घालून तो आग्नेसबाईंच्या दारात उभा राहिला.

त्यांनी झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "नथूभाऊ, चिक्की? मी काय मुंबईहून आलेली पाहुणी वाटले तुम्हाला?"

"चांगल्या दुकानातली हाय."

"असेल हो. पण लोणावळ्यातल्या माणसाला लोणावळ्याची चिक्की कोण देतं?"

येसूबाई आपल्या दारात तांदूळ निवडत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "आन वरीसभर तुमच्या घरातनं गोड जायचं न्हाई, भाऊ. शालूला काय वाटंल? कायतरी तिखट करा."

"मला कुटं येतंय?"

"घाटात गँगवर काय खात होता मग? खडी?"

नथू घरी आला. पातेलं तसंच हातात होतं. येसूबाईंचं बोलणं डोक्यात घुमत होतं. गँगवर ते पिठलं करायचे. रुळाच्या कडेला तीन दगड, त्यावर काळं झालेलं पातेलं, आणि पाळी ज्याची असेल तो हाटायचा. पिठल्याच्या बाबतीत नथूची पाळी चुकवायला कोणी तयार नसायचं. लग्नानंतर शालू म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात तुमची गँग नको, आणि विषय संपला.

पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या. ते त्यानं एकट्यानंच संपवलं. दुसऱ्या दिवशी बूड लागलं. तिसऱ्या खेपेला लसूण चांगला लाल होऊ दिला, मिरची ठेचून घातली, आणि पीठ वरून भुरभुरत हाटत राहिला. हाताला सगळं आठवत होतं. घरभर वास सुटला. शालूच्या फोटोकडे बघून तो म्हणाला, "बघ, येतंय मला."

मग भांडी भरायची वेळ आली. कोणतं कोणाचं? नथूनं साधी गोष्ट केली. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं होतंच. शालूचा चष्मा लावून त्यानं एकेक वाचलं. 'सौ. येसूबाई रतन गायकवाड' असं होतं तो डबा येसूबाईंकडे. गुजराती अक्षरं होती ते तसराळं दुरैयाबेनकडे. 'आग्नेस-ज्यो' असं होतं ती कडीची बरणी आग्नेसबाईंकडे. गरम पिठलं घालून त्यानं सगळं घरोघर पोचतं केलं आणि सुटल्यासारखा ओट्यावर येऊन बसला.

घटकाभरानं गल्लीत कालवा उठला.

पहिल्या दुरैयाबेन बाहेर आल्या. "नथूभाई! हे तसराळं तर माझ्या सासूचं! केव्हापासून शोधतोय आम्ही. पण मी दाळ आणलेली तो डबा कुठे?"

"त्यावर येसूबाईचं नाव हुतं. तिला दिला."

"अरे, नाव असेल! पण तो माझा आहे ना! आमची सून आली त्याच्याआधीपासून माझ्याच घरी आहे!"

येसूबाई डबा पोटाशी धरूनच बाहेर आल्या. "माज्या प्रितमच्या बारशाचा डबा हाय ह्यो. म्या म्हनलं चोरांनी नेला. तर ह्या बाईनं दाबून ठेवलाय!"

"दाबून कोण ठेवतंय? तुम्हीच खीर घालून पाठवलेला!"

"मग परत द्यायचा न्हवता व्हय?"

"दिला असता! पण तेव्हा तुमच्याकडे माझी थाळी होती!"

"कंची थाळी?"

"चला, दाखवते!" आणि दुरैयाबेन सरळ येसूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरल्या. येसूबाई त्यांच्यामागून आत गेल्या. आतून भांडी आपटल्याचे आवाज आले आणि मग दोघींचं हसणं ऐकू आलं. थाळी सापडली होती, आणि तिच्याखाली आग्नेसबाईंची किसणीसुद्धा.

त्या दुपारी गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपली मांडणी उतरवली. ओट्याओट्यावर भांडी मांडली गेली, आणि ज्याच्या घरात बघावं तिथं दुसऱ्याचं नाव. आग्नेसबाईंच्या हातात पिठल्याची वाटी होती आणि त्या बोटानं चाटत चाटत नावं वाचत फिरत होत्या. "ज्योला हेच हवं असायचं," त्या मध्येच म्हणाल्या. "घाटात गाडी थांबली की खायचा आणि घरी येऊन सांगायचा, आज नथूच्या हातचं होतं. मला वाटायचं, थापा मारतो."

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या हळूहळू लक्षात आली. प्रत्येक घरात एखादं तरी भांडं 'सौ. शालन नथू केदारी' असं निघत होतं. येसूबाईंकडे तांब्या. दुरैयाबेनकडे दोन वाट्या आणि झाकण. आग्नेसबाईंकडे पुरणाचं पातेलं, त्यात त्या केकचं पीठ फेटत. नथूनं घरात जाऊन बघितलं, तर शालूच्या मांडणीवर तिचं स्वतःचं असं फारच थोडं होतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या भांड्यांत रांधत होती आणि तिची भांडी गल्लीभर नांदत होती.

तो दारात उभा राहिला. येसूबाईंनी तांब्या पुढे केला, पण हातात दिला नाही. "असा रिकामा कसा देऊ? उद्या देते." दुरैयाबेन म्हणाल्या, "मी पण. उद्या." आग्नेसबाई म्हणाल्या, "पातेलं नाताळला देईन. केकचं पीठ फेटायचंय अजून त्यात."

नथूनं उगीचच झाडू हातात घेतला.

नाताळला निलेश गाडी घेऊन आला तेव्हा आग्नेसबाईंच्या ओट्यावर सगळी गल्ली कुलकुल, म्हणजे नाताळची तळलेली गोड शंखोळी, वळायला बसली होती. नथूही जेवणाच्या काट्याच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या वळत होता आणि त्या बिघडत होत्या.

"ह्याला कुलकुल म्हनत्यात व्हय?" येसूबाई म्हणाल्या. "ही तर रुळाखालची खडी झाली."

निलेशनं घरात जाऊन बघितलं. ओट्यावर पिठलं आणि भाकऱ्या झाकून ठेवलेल्या होत्या, बाजूला शालूचा तांब्या, तिच्या वाट्या. त्यानं उभ्या उभ्या एक भाकरी खाल्ली, मग दुसरी. बाहेर येऊन तो म्हणाला, "आबा, हे कधी शिकलात?"

"शिकलो न्हाई. इसरलो न्हवतो."

"बरं. मग भांडी दिली ना सगळी? बॅग कुठंय?"

"एक राहिलंय." नथूनं घरातून जुना पितळी डबा आणला. त्यावर कोरलं होतं, 'श्रीपती पैलवान, कार्ल्याची जत्रा.'

गल्लीतल्या जुन्या लोकांना पैलवान चांगले आठवत होते. कुस्ती जिंकून मिळालेला हा डबा डोक्यावर घेऊन ते मिरवत आले होते, दुरैयाबेनच्या सासऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं आणि दोघंही गटारात पडले होते. पुढं ते गाव सोडून गेले. त्यांचा नातू पवन आता लोहगडवाडीत गड चढणाऱ्यांसाठी चहा-भजीची टपरी चालवतो. डबा शालूकडे कसा राहिला ते शालूलाच ठाऊक.

"पवनला फोन करतो," निलेश म्हणाला. "येऊन घेऊन जाईल."

"रिकामा?"

"मग पिठलं घाला आणि चला. आत्ता गाडीतून देऊन येऊ."

"बिनकल्हईच्या पितळंत पिठलं?" येसूबाई आणि दुरैयाबेन एकदमच ओरडल्या. "कळकेल, खराब होईल ना!"

निलेशनं सगळ्यांकडे पाळीपाळीनं बघितलं, हसला, आणि खाली बसून एक काटा मागून घेतला. संध्याकाळी तो एकटाच गाडी घेऊन चिंचवडला गेला. डिकीत आग्नेसबाईंचा केक होता, येसूबाईंच्या डब्यात.

कल्हईवाला आता गल्लीत येत नाही. तळेगावात एक आहे म्हणतात, त्याला गाठायचं आहे. मग डबा भरून लोहगडवाडीला न्यायचा. तो अजून द्यायचा राहिला आहे.