दाराबाहेरचा दूधभाऊ

किल्लेदारी घेताना सोर्लीनं हिशेब चोख मांडला होता. खाडीकाठची सुपीक जमीन, डोंगरावरची चराई, मेजवानीत सरदाराशेजारची जागा. बदल्यात डनवारचा किल्ला राखायचा आणि मुलगा एकन सरदाराकडे ओलीस ठेवायचा. "पोरगं सरदाराच्या पंगतीला जेवतंय," असं सोर्ली आम्हा पहारेकऱ्यांना ऐकवायचा. तेही त्यानं नफ्यातच धरलं होतं.

अट एकच. शत्रूची गलबतं दिसली की दार बंद; सरदाराची चांदीच्या मुठीची सुरी दाखवेल त्यालाच उघडायचं. चुकलास, तर पोरगा गेला.

कापणीच्या सुमारास बेटावरचे शत्रू गलबतं घेऊन खाडीत शिरले. आम्ही दार लावलं. किल्ल्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दगड कोण खातं? ते सरळ सोर्लीच्या शेतात उतरले.

तेवढ्यात फर्कर दाराशी आला, पाठीवर म्हातारी आईला घेऊन. हिच्याच दुधावर सोर्ली वाढलेला. आमच्यात सख्ख्या भावाशी वैर चालतं, दूधभावाशी नाही.

"सोर्ल्या, उघड रे!"

"सुरी आणलीस?"

"लोणी कापायची आहे घरी. चालेल?"

"एकन तिकडे आहे, फर्कर."

फर्करनं आईला पाठीवर वर सरकवलं. म्हणाला, "आईला तरी वर घे. तिला सुरी लागत नाही ना?"

आम्ही तटावरून दोर सोडला. त्यानं म्हातारीला नीट बांधलं. "मेल्यांनो, आधी त्याला घ्या! मी काय शंभर वर्षं जगणार आहे?" ती ओरडतच वर आली. दोर ओढताना सोर्लीच्या तळहातांची सालं निघाली.

दोर पुन्हा खाली गेला तोवर बेटावरचे पोचले होते. किल्ली सोर्लीच्या कमरेला होती. त्यानं ती मुठीत धरली, सोडली, परत धरली. उघड किंवा नको, हे सांगणारे आम्ही कोण? ओलीस पोरगा आमचा नव्हता. खालून फर्करची एकच हाक आली, तीही अर्ध्यात तुटली.

शेतं जळली, गाई गेल्या. पुढे सरदाराचा माणूस आला, सुरी दाखवून. "धनी खूश आहेत. असा इमानी किल्लेदार मिळायचा नाही. म्हणून एकनला आणखी काही वर्षं ठेवून घेतायत."

"मेहरबानी," सोर्ली म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं ओटची भाकरी म्हातारीपुढे धरली.

"तूच खा," ती म्हणाली. "त्याच्या वाटणीचं दूधही तूच प्यायचास."

सरदाराचा किल्ला राहिला, सोर्लीची किल्लेदारी राहिली. किंमत भरली ती ज्यांच्या नावावर मातीचं ढेकूळही नव्हतं, त्या मायलेकांनी.