टॉवरखालची जागा

मेजर इलागान माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. वाईट असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

सरोवराच्या धरणापासून निघालेली विजेची लाइन आमच्या डोंगरांतून जाते आणि अर्ध्या मिंदानाव बेटाला उजेड देते. वर्षभरात तिचे दोन टॉवर कुणीतरी स्फोटकं लावून पाडले होते. दोन्ही वेळा खबर आधी मिळाली होती, दोन्ही वेळा कुणी हललं नाही, आणि मग मनिलाहून मेजरांची जी खरडपट्टी निघाली ती आम्ही सगळ्यांनी भिंतीपलीकडून ऐकली. तेव्हापासून इलिगान शहरात लष्कराची आणि वीज कंपनीची मिळून एक खोली झाली. भिंतीवर मोठे पडदे, टेबलांवर कॉफीचे कप. मी तिथल्याच मारानाव जमातीची, म्हणून डोंगरातल्या लोकांशी बोलायला कंपनीने मला तिथे बसवलं होतं.

त्या सकाळी खबऱ्याचा मेसेज आला. सव्वीस नंबरच्या टॉवरखाली बंदुका घेऊन माणसं जमली आहेत, पोती उतरवताहेत, खड्डे खणताहेत. ड्रोन वर गेला. पडद्यावर सगळं तसंच दिसलं: खांद्यांवर रायफली, ताजी माती, पोत्यांचा ढीग. पण टॉवरच्या दोन पायांमध्ये पिवळं कापड ताणलेलं होतं आणि त्याखाली मोठाली पातेली होती. पातेल्यांजवळ एक म्हातारा हात उडवत सगळ्यांवर ओरडत होता. ते बापा सारिपादा, माझे मामा; मामा-काकांना आम्ही बापा म्हणतो. ओरडल्याशिवाय त्यांचं कुठलंच काम होत नाही.

माझ्या चुलतभावाने बास्केटबॉलच्या मॅचमधल्या भांडणात शेजारच्या मकारामबोन घराण्यातला मुलगा मारला आणि स्वतः समुद्रापलीकडे साबाहला पळाला. वैर पळालं नाही. ते घरात उरलेल्या पुरुषावर आलं, म्हणजे माझ्या भावावर, अमेरोलवर. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता. लेकीची शाळा कुठे आहे हे त्याला फक्त ऐकून माहीत. बापा दोन्ही घरांत चपला झिजवत होते. सगळं ठरत आलं होतं, अडलं होतं ते जागेवर. आधी ज्याने दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवला तो झुकला, असं आमच्यात मानतात, आणि झुकायला दोघंही तयार नव्हते. शेवटी जागा कुठली ठरली हे आम्हा बायकांना सांगितलं नव्हतं. आमच्या पोटात काही राहत नाही म्हणे!

आता पडद्यावर मला ती जागा दिसली. टॉवर दोन्ही घराण्यांच्या बरोबर बांधावर उभा आहे. खालची जमीन कंपनीने दोघांकडूनही घेतलेली, म्हणजे आता दोघांपैकी कुणाचीच नाही. वा रे म्हाताऱ्या, मी मनात म्हटलं. मग मेजरांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी खुर्चीवरून उठले.

"सर, हे जेवण आहे."

"काय आहे?"

"जेवण. वैर मिटवायचं. ते खड्डे चुलींचे आहेत. पोत्यांत तांदूळ असणार."

"आणि रायफली घेऊन जेवतात होय तुमच्यात?"

"रिकाम्या हाताने गेला तर घाबरला म्हणतात, सर. आधी बंदुका बाजूला ठेवायच्या, मग कुराणावर हात ठेवायचा, की झालं."

"एवढा डोंगर पडलाय, मॅडम, आणि यांना माझाच टॉवर सापडला?"

"अहो, तेवढीच जागा दोघांपैकी कुणाची नाही म्हणून!"

त्यांनी खरंच ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

खोटं बोलायला हवं होतं का? सुचलंच नाही.

"माझा भाऊ आहे तिथे. मामा आहेत."

मेजरांनी माझा फोन मागितला.

"तुम्ही बाहेर बसा."

"सर, मी सांगितलं ते तुम्ही थांबावं म्हणून."

"कळतंय मला. पण उद्या कुणी विचारलं, संशयिताची बहीण खोलीत काय करत होती, तर काय सांगू?"

"संशयित? तो जेवायला आलाय!"

"मागच्या टॉवरला मला लग्न आहे म्हणून सांगितलं होतं, मॅडम. मीही मानलं होतं."

"मेयरना तरी फोन लावा. साक्षीला तिथेच असतील."

"लागणार नाही. त्या भागातला सिग्नल बंद केलाय. फोनवरूनच स्फोट करतात ना."

बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पहाऱ्यावरच्या शिपायाने पाव पुढे केला, "खा मॅडम, काही होत नाही." दाराच्या काचेतून पडदा दिसत होता, आवाज येत नव्हता. दोन्हीकडच्या बंदुका एका ताडपत्रीवर जमत होत्या. मग अमेरोल उठला. मी त्याला कितीतरी वर्षांनी उघड्यावर चालताना पाहत होते. समोरून मेलेल्या मुलाचा बाप उठला. मध्ये बापा कुराण धरून उभे होते.

आणि सगळ्यांच्या माना एकदम रस्त्याकडे वळल्या. लष्कराच्या गाड्या आल्या होत्या.

मी काचेवर हात आपटले. "हात ठेवू द्या त्याला! एवढं एकच होऊ द्या!" शिपायाने मला धरून मागे ओढलं. तो सारखा "सॉरी मॅडम" म्हणत होता. पडद्यावर सगळे जमिनीवर पालथे पडले होते. बापांना गुडघ्यामुळे लवकर खाली बसता येईना, तेव्हा दोन जवानांनी त्यांना धरून निजवलं.

बऱ्याच वेळाने मेजर बाहेर आले. "चुलीच होत्या. तांदूळच होता. तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "पण एकही गोळी सुटली नाही. टॉवरही शाबूत आहे. देवाची कृपा." त्यांनी माझा फोन परत दिला, सिग्नल सुरू केल्याचं सांगितलं आणि माझी माफी मागितली; ती मनापासून होती. "आता त्यांना सांगा, निवांत जेवा म्हणावं."

निवांत जेवा! मला किंचाळावंसं वाटलं. मी अमेरोलला फोन लावला.

"रास्मिया," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मकारामबोन विचारताहेत, तुमची बहीण लष्कराच्या खोलीत बसते ना?"

"दादा, मी त्यांना थांबवत होते."

"म्हणजे तू तिथे होतीस?"

"होते, पण—"

"मग मी काय सांगू त्यांना?"

मागे आरडाओरडा चालला होता. जवानांनी बंदुका परत दिल्या होत्या, हे त्या आवाजांवरूनच कळत होतं. बापा त्याला गाडीत बस म्हणून ओरडत होते.

"हात ठेवला का रे, दादा?"

"नाही."

"कुठल्या रस्त्याने जाताय?"

गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

"बापा तुला सांगू नको म्हणालेत," तो म्हणाला.