सुया काढून घेतलेला स्वेटर

पिशवी बाथटबमध्ये नव्हती. कपाटात नव्हती, पियानोच्या बाकाखालीही नव्हती. लोकर कोंबायच्या ग्लेनिसबाईंच्या या सगळ्या जागा शनिवारी त्यांनी आपल्याच हातांनी रिकाम्या केल्या होत्या. कधी नव्हे ते शहाणपण सुचलं होतं ना बाईंना!

गोर गावातल्या विणणाऱ्या बायकांची ही जुनी रीत. थंडी पडायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये प्रत्येकीने नको असलेली लोकर पिशव्या भरून आणायची, आणि जाताना दुसरीची एक पिशवी न उघडता घरी न्यायची. ग्लेनिसबाईंनी गाडी भरून पिशव्या नेल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या भरात ऑड्रीची निळी पिशवीही टेबलावर गेली.

ऑड्री त्यांची जिवाभावाची मैत्रीण. लेकीसाठी, म्हणजे शोनासाठी, तिने त्या पिशवीतला शेवाळी रंगाचा स्वेटर विणायला घेतला होता. पाठ झाली, पुढची बाजू होत आली, आणि गेल्या हिवाळ्यात ऑड्रीच गेली. गेलेलीचं अर्धं काम मैत्रिणीने पुरं करायचं, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. "मी करते," असं ग्लेनिसबाई दफनाच्या दिवशीच म्हणाल्या होत्या. आणि मग? मग आज टोपी, उद्या मोजे, परवा शेजारणीच्या बाळाची शाल. नवं सुरू करायला बाई एका पायावर तयार, संपवायचं म्हटलं की टाळाटाळ. आणि आज दुपारी शोना चहाला येणार होती, स्वेटर बघायला.

निळी पिशवी त्या बायकांतल्या मर्लने उचललेली त्यांना आठवली. त्यांनी तशीच घरातल्या चपलांवर गाडी काढली.

त्या मर्लच्या अंगणात शिरल्या. कपड्यांच्या दोरीवर शेवाळी लोकरीच्या ओल्या लडी लटकत होत्या. उसवलेल्या लोकरीचे वळसे सरळ व्हावेत म्हणून मर्लने खाली वजन म्हणून पीचचे डबे टांगले होते. स्वतः मर्ल ओट्यावर बसून उरलेलं उसवत होती.

"ये गं! काय सोन्यासारखी लोकर टाकलीस! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मर्ल, थांब! थांब म्हणते ना! ऑड्रीचं आहे ते!"

मर्लचा हात जागच्या जागी थांबला. "काहीतरीच काय? यात सुया नव्हत्या."

"असू देत नसल्या तर."

"असू देत कसं? सुया काढून घेतल्या म्हणजे काम सोडून दिलं. तूच शिकवतेस ना नव्या पोरींना? टाक्यांतून नुसता दोरा ओवलेला होता. कुणी काढल्या सुया?"

सुया ग्लेनिसबाईंनीच काढल्या होत्या. टोपीसाठी नेमक्या त्याच मापाच्या हव्या होत्या. दोनच दिवस, म्हणून घेतल्या होत्या.

मर्लने ते तोंडावरून ओळखलं. "देवा रे," ती हळूच म्हणाली, आणि मांडीवरचं उरलेलं त्यांच्या हातात दिलं. पुढच्या बाजूची खालची वीतभर पट्टी, बस्स.

गाडीत त्या शोनाला काय सांगायचं ते जुळवत होत्या. अजून विणतेय म्हणून सांगावं? की गुपचूप सगळं नव्याने विणावं? पण ऑड्रीचा हात घट्ट, त्यांचा सैल. शोना जन्मभर आईचे स्वेटर घालत आलेली, बोट फिरवताच ओळखेल. आणि ओळखलं की या जन्मात परत दारात पाऊल ठेवणार नाही. ऑड्रीचं म्हणून त्यांना तेवढंच माणूस उरलेलं होतं. चीज रोल ओव्हनमध्ये ठेवताना त्यांचा हात दोनदा भाजला.

शोना आली ती हसतच. बसायच्या आधीच तिने पिशवीतून दोन शेवाळी बाह्या काढून टेबलावर मांडल्या.

"मावशी, रागावू नकोस हं. तुला वेळ होत नव्हता, म्हणून मीच शिकले. घरी आईची लोकर उरली होती. डावी जरा वाकडी झालीये. आता नुसतं जोडायचं."

ग्लेनिसबाईंनी मर्लकडून आणलेली पट्टी बाह्यांशेजारी ठेवली. मग काहीही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं. टाळ्या, पिशवी, मर्ल. आणि सर्वांत शेवटी सुया.

चीज रोल जळल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

"शोना, बाळा, मी..." त्यांना रडू फुटलं.

"रडू नकोस! तू रडलीस की मला रागावता येत नाही. मला नीट रागावू दे."

त्या रडू दाबून बसून राहिल्या. शोनाने पट्टी उचलली. त्यातल्या वेणीच्या नक्षीत एक पीळ उलट्या दिशेला गेला होता. ऑड्रीचा नेहमीचा घोळ, प्रत्येक स्वेटरमध्ये कुठेतरी असायचाच. शोना त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"तिच्या सुया कुठे आहेत?"

ग्लेनिसबाईंनी आतून टोपी आणली. अर्ध्याच्या वर झालेली, लालचुटुक. त्यांनी सुया सर्रकन ओढून घेतल्या, टोपीचे टाके सुटले तर सुटले. ऑड्रीचे टाके सुईवर घ्यायला गेल्या, पण घाईत पहिलाच टाका निसटला. शोनाने त्यांच्या हातातून सुई काढून घेतली आणि स्वतःच एकेक टाका उचलत गेली.

"लोकर वाळली की मर्लकडून आण," ती मान वर न करता म्हणाली. "दर गुरुवारी मी इथे येणार. माझ्यासमोर बसून विणायचंस, घट्ट हाताने. आणि जाताना पिशवी मी घेऊन जाणार. तुझ्या घरात ठेवायची नाही."

"नाही ठेवणार," ग्लेनिसबाई म्हणाल्या, आणि जळके चीज रोल काढायला उठल्या.