डाव्या चाकातलं तेल

मी एक जुना ट्रॅक्टर बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

पनवेलजवळ करंजाड्याच्या एका संकुलाच्या फाटकाशी मला सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी जखडून ठेवलंय. येणारेजाणारे माझ्या चाकाला टेकून फोटो काढतात आणि 'किती क्यूट' म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं गुडघाभर चिखल तुडवलेल्या गड्याला हा शब्द! माझ्या पाटीवर 'आमचा वारसा' असं लिहिलंय. वारसा कसला, शिक्षा आहे ही, आणि तीही दुसऱ्याच्या चुकीची.

माझ्या मालकाने, दाजीने मला आणलं तेव्हा इथे भाताची खाचरं होती आणि खाडीकडे मिठागरं. मी सकाळी नांगरायचो आणि दुपारी मिठाच्या गोणी ओढायचो. दाजी तोंडाचा फाटका, पण हाताचा नेटका होता. दर रविवारी डिझेलच्या फडक्याने मला नखशिखांत पुसायचा. त्याची बायको जनी मात्र वेगळ्या जातकुळीची, भाविक. दर अमावास्येला आणि दसऱ्याला माझी पूजा करायची. बॉनेटवर लावलेलं कुंकू इंजिन तापलं की गळून पडायचं. मग तिने जागा बदलली. माझ्या मागच्या पेटीवर, सीटच्या खाली, बोंडाएवढी एक टोपी आहे. तेलात कालवलेलं हळदकुंकू आणि वर अक्षता, असा लेप ती त्या टोपीवर थापू लागली. "ह्यो त्याचा कपाल," असं ती सुनांना सांगायची.

ते कपाळ नव्हतं. ते माझं नाक होतं.

मागच्या पेटीतल्या दातेरी चक्रांना तेलात फिरावं लागतं. फिरून फिरून तेल तापतं, आतली हवा फुगते आणि त्या टोपीच्या बारीक भोकातून बाहेर पडते. दाजी रविवारी पुसायचा, म्हणून भोक मोकळं राहायचं. नवराबायकोला याचा पत्ता नव्हता, तरी माझं निभावत होतं.

मग शेतं गेली, सेक्टर आले. दाजीचं कुटुंब बंगल्यात गेलं आणि मला मागच्या शेडमध्ये ढकललं. डिझेलचं फडकं थांबलं. जनीचा लेप मात्र चालूच होता! घरात लग्न निघालं की रंगारी यायचा आणि जुन्या रंगावर, चिखलावर, कुंकवावर सरसकट लाल रंग फासायचा. चार लग्नांत माझं नाक पुरतं बुजलं.

गेल्या वर्षी नातवाचं, प्रणितचं लग्न ठरलं. आमच्याकडे हळदीच्या दिवशी मांडवासाठी उंबराची फांदी वाजतगाजत आणतात. दाजीच्या घरची फांदी माझ्याच ट्रॉलीतून यायची, ट्रॉलीत गाणी म्हणणाऱ्या बायका आणि स्टिअरिंगवर दाजी. म्हणून महिनाभर आधी मला बाहेर काढलं. चार फेऱ्या मारल्या आणि मागच्या डाव्या चाकाच्या हबमधून, म्हणजे मधल्या तुंब्यातून, तेल गळायला लागलं.

पनवेलहून कुमार मेकॅनिक आला. या इसमाबद्दल मला चांगलं काही बोलायचं नाही. त्याने डावी बाजू जॅकवर उचलली, चाक काढलं, मी त्याचं काही देणं लागत असल्यासारखे हबवर घण घातले आणि आतलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, बदललं. आठ दिवसांत पुन्हा गळती. मग म्हणाला बेअरिंग ढिलं आहे. बेअरिंग बदललं, पातळ चकत्या घालून चाकाचं हलणं काढलं. पुन्हा गळती. तिसऱ्यांदा त्याने दुहेरी सील ठोकलं. आत हवा कोंडलेली, ती तेलाला ढकलणारच! आणि ते तेल जायचं कुठे, तर ब्रेकच्या लायनरवर. तेल प्यायलेला ब्रेक चाकाला काय धरणार?

"दाजी, आता हात टेकले," कुमार म्हणाला. "मशीनच म्हातारी झालीय. ब्रेक पुसून दिलाय, हळू चालवा."

"म्हातारा तर मी पन हाय," दाजी म्हणाला. "मी गलतोय का कुठं?"

प्रणित म्हणाला, "आजोबा, रिस्क नको ना. आपण फुलांनी सजवलेली जीप लावू."

"जीप लाव तुज्या सासऱ्याच्या दारात. उंबर माज्याच ट्रॅक्टरवर येल."

मी घसा फाडून सांगितलं असतं, पण मला घसा नाही. जे होतं ते नाक, आणि तेही लिंपलेलं. हळदीच्या सकाळी तर जनीने ओंजळभर लेप थापला, नातवाचं लग्न ना!

उंबराची फांदी घेऊन येताना पुलाचा उतार लागला. मागे ट्रॉलीत बारा बायका गात होत्या. दाजीने दोन्ही ब्रेक एकदम दाबले. उजवं चाक थांबलं, डावं थांबेना. मी गर्रकन उजवीकडे वळलो आणि संरक्षक भिंतीवर आदळलो. बायका वाचल्या. दाजी उडून गटारात पडला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तो खाटेवर आहे.

चार दिवसांनी प्रणितने जुन्या मिस्तरीला, महादेवला आणलं. हा माणूस घण घेऊन आला नाही. तो म्हणाला, "आधी चालवून तापवा." मी तापलो तसा त्याने मागच्या पेटीचा तेल भरायचा नट सैल केला. फुस्स करून हवा सुटली, तेलाचे थेंब त्याच्या तोंडावर उडाले. त्याने टोपी खरवडली. लाल रंग, त्याखाली पिवळं, त्याखाली लाल, मग तांदळाचे दाणे.

"श्वासच कोंडलाय याचा. सील बदलून काय होणार? हे कोणी भरलं?"

प्रणितने ते दाणे बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, आजीला सांगू नका. ती अन्न सोडेल."

मग सगळ्यांना सांगितलं की ट्रॅक्टर सडका होता, एक्सल गेला होता. कुमारनेही मान डोलावली, त्याला आयतंच सुटायला मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. महादेवने टोपी धुऊन बसवली होती, मी अजून दहा वर्षं चाललो असतो. पण दाजीचा पाय मोडणारा ट्रॅक्टर दारात नको, म्हणून प्रणितने मला, त्याने फ्लॅट घेतलाय त्या या संकुलाच्या फाटकाला शोभेसाठी दिलं.

क्रेन आली त्या दिवशी जनी बंगल्यातून बाहेर आली. हातात तबक नव्हतं.

"पन्नास वर्सं तुला पुजला," ती म्हणाली. "माज्या मान्साला पाडलास. आता ऱ्हा उन्हात सडत." आणि माझ्याकडे पाठ करून गेली.

मी चिडखोर आहे, पण खोटारडा नाही. तिचं घर इथून दोन सेक्टर पलीकडे आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात तर तिला खरं काय ते सांगा. दाजीच्या उशाशी बसलेली असेल, तरी सांगा. तिला वाईट वाटेल? वाटू दे. मला नाही वाटलं? ती रडेल, दोन दिवस जेवणार नाही, स्वतःला बोल लावत बसेल.

पण मग निदान एकदा तरी इथे येईल.