मोठी जागा मिळेपर्यंत

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. मुरडा खुशाल! माझ्या एका पायाखाली विटेचा तुकडा आहे. उशाकडच्या फळीवर काचेच्या पेल्याचं फिकट चित्र, त्याखाली ‘जपून हाताळा’ असा शिक्का. पलंगावर असलं काही असतं का कुठे? माझ्यावर आहे, कारण मी खोक्यांच्या लाकडाचा. कारखान्यातून यंत्रं परगावी जातात ना, त्यांची लाकडी खोकी बनवणारा एक तरुण सुतार होता. तोंडात कायम खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं बेताचंच. सगळे त्याला खिळेमास्तर म्हणायचे.

खोक्याला स्क्रू लावत नाहीत. लांब लांब खिळे ठोकायचे, आणि माल पोचला की तिकडच्या लोकांनी ते फोडायचं. खिळेमास्तरला तेवढंच काम येत होतं. लग्न ठरल्यावर त्याने कारखान्यातून उरलेल्या फळ्या मागून आणल्या आणि भाड्याच्या खोलीतच मला ठोकून काढलं. पठ्ठ्याने खोली मापली, खिडकी मापली, दार मापायचं मात्र विसरला. मला कधी त्या दारातून बाहेर न्यावं लागेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

नवी नवरी आत आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

“अहो, हा पलंग आहे की मैदान? आपण दोघंच आहोत ना?”

त्याने तोंडातले खिळे हातात घेतले. “आज दोघं आहोत. पुढे लागेल.”

ती लाजली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! शेजारपाजारचे मला बघायला यायचे, हाताने दाबून बघायचे, वाहवा करायचे. ती दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. माझ्यावरची चादरही ती तशीच घालायची, चारी कोपरे कडक दुमडून, एक सुरकुती दिसायची नाही.

पुढे मुलगी झाली. इवलीशी, गोरीपान. बाप तिला ढलपी म्हणायचा, रंध्याखालून निघते ना लाकडाची, तशी. ढलपीची एक खोड होती. एक हात आईच्या अंगावर आणि एक पाय बापाच्या अंगावर टाकल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. तेव्हा मी रुंद होतो, तिघं ऐसपैस मावायची. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते म्हणाल, तर तेच.

मग कारखान्यात पुठ्ठ्याची तयार खोकी येऊ लागली. खिळेमास्तरला हात जोडून घरी पाठवलं. कमी भाड्याची खोली बघावी लागली, आणि मला बाहेर काढायची वेळ आली. आडवा धरला, उभा धरला, तिरका केला, मी काही दारातून निघेना. खिळे उपसायला जावं तर फळी चिरफाळते. शेवटी त्याने करवत आणली.

“अहो, कापताय काय?” ती कळवळली.

“तात्पुरतं आहे गं. मोठी जागा मिळाली की पुन्हा जोडतो.”

माझी एक अख्खी बाजू गेली. कापलेल्या फळ्या त्याने सुतळीने बांधून जपून ठेवल्या, मोठ्या जागेसाठी. महिनाभरात त्यांची भांड्यांची मांडणी झाली. नव्या खोलीत तिघं माझ्यावर कुशीवरच झोपायची, एकाने कूस बदलली की तिघांना बदलावी लागायची. तरी ती दोघं हसायची! “बघ, थंडीत किती बरं,” असं म्हणायची. मला मात्र हसू येत नव्हतं.

त्याला फर्निचरच्या दुकानात काम मिळालं. ते दुकान बुडालं. मग माळ्यावरची खोली आली. जिना असा वळणाचा की माणूसच अंग चोरून चढतो, मी कसला चढतोय! पुन्हा करवत. या खेपेला पायाकडून. “तात्पुरतं,” तो म्हणाला. “आता चांगले दिवस येतील बघा,” ती म्हणाली. ढलपी तेवढी माझ्यावर झोपू लागली आणि ती दोघं खाली जमिनीवर. ढलपी एक हात आणि एक पाय खाली लोंबकळत सोडायची, म्हणजे आईबापाला लागेल. मित्रांनो, खरं सांगतो, मला त्या दोघांच्या उमेदीची चीड यायची. उमेद त्यांची आणि करवत माझ्यावर!

पण मी लाकूडच होतो. पुढे जे कापलं गेलं, त्याची मला कल्पना नव्हती.

खिळेमास्तरला लांबच्या बंदरावर काम लागलं. तिथे अजून लाकडी खोकी लागत होती. राहायला मुकादमाने दिलेली एक खोली, तिच्यात आणखी दोन जोडपी, मध्ये पडदे. तिथे मुलीला कुठे ठेवणार? त्याची धाकटी बहीण औषधाच्या दुकानात कामाला होती, एकटीच राहायची, घराजवळ शाळा होती. ढलपीला तिच्याकडे ठेवायचं ठरलं. ढलपीबरोबर मीही आलो. माझा आकार आता तिच्याएवढाच होता, म्हणून.

“मोठी जागा मिळाली की लगेच नेऊ हं बाळा,” आई म्हणाली. माझ्यावर तिने चादर घातली, कोपरे दुमडले, पुन्हा उलगडून पुन्हा दुमडले. तिचा पाय निघत नव्हता.

आत्या जिभेची तिखट. ती भावाला तोंडावर म्हणाली, “दादा, पोरगी म्हणजे तुझ्या खोक्यातला माल आहे का रे? पत्ता मिळेपर्यंत गोदामात पडून राहायला?”

तो मान खाली घालून म्हणाला, “थोडेच दिवस.”

सुरुवातीला ढलपी रोज शाळेतून आली की दप्तर न काढता माझ्यावर बसायची. आजच न्यायला आले तर? उशीर नको व्हायला. फोनवर रोज तेच, “झालंच आता, जागा बघतोय.” जागा मिळेपर्यंत भाडं वाढायचं, भाडं जमेपर्यंत जागा जायची. मग तिची आई आजारी पडली, मग बंदरावर संप झाला. अधूनमधून दोघं भेटून जायची. नंतर नंतर तेही जमेना. ढलपी दप्तर काढून ठेवू लागली. फोन आला की “हो, जेवले, बरी आहे,” एवढंच बोलू लागली. तिचे पाय माझ्याबाहेर यायला लागले तेव्हा आत्याने पायथ्याशी एक स्टूल आणून ठेवलं. कुणी तक्रार केली नाही.

आणि मग एका दुपारी दोघं आली. हातात पेढ्यांचा पुडा नाही, चक्क किल्ल्यांचा जुडगा! स्वतःची दोन खोल्यांची जागा. आई बारीक झालेली, बापाचे केस पिकलेले, पण चेहरे बघाल तर लग्नात होते तसे.

“ढलपे, तुझ्यासाठी नवा पलंग केलाय!” तो सांगत होता. “या वेळी स्क्रू लावलेत, कुठेही नेता येईल. चांगला लांब केलाय, हा एवढा.” त्याने दोन्ही हात पसरून दाखवले.

ढलपी समोर उभी होती. आईच्या खांद्याच्याही वर आलेली. तिने त्या हातांमधलं अंतर बघितलं आणि बापानेही बघितलं. जी मुलगी मागे ठेवून गेला होता, तिच्याच मापाचा पलंग केला होता त्याने. त्याचे हात तसेच पसरलेले राहिले.

“मी... मी लांब करतो परत,” तो म्हणाला. “थोडं थांबलीस तर पुढच्या महिन्यात...”

“नाही!” आई ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “आता एक दिवस थांबायचं नाही. जमिनीवर झोपू तिघं. पण आजच न्यायची.”

ढलपी आत्याकडे वळली आणि तिने हलक्या आवाजात विचारलं,

“आत्या, मी जाऊ का यांच्याबरोबर?”

आई माझ्यावर बसली. बसली कसली, कोसळलीच. आत्याने फक्त होकाराची मान हलवली. ढलपी गेली. नीट तयारी करून, सगळ्यांना नमस्कार करून, पाहुणी जाते तशी गेली.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, रंग द्या, अडगळीत टाकू नका, असं मी मागणार नाही. लाकडाला सवय असते. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही जागा अपुरी पडेल, आणि ‘थोडेच दिवस’ म्हणून आपलं माणूस कुठेतरी ठेवून यावंसं वाटेल. तेव्हा दाटीवाटी करा, पडदे लावा, जमिनीवर झोपा, पण त्याला बरोबर ठेवा. त्या दोघांनी उमेद कधीच सोडली नाही, हे मी मान्य करतो. त्यांनी जागाही मिळवली. मात्र त्या घरात आता त्यांना आपल्या मुलीची नव्याने ओळख करून घ्यायची आहे.