न्हाणीघराचा झरोका

सासऱ्यांचा दमा धुळीने उसळायचा, म्हणून मुलाने आठवडाभर खपून घराची एकूणएक फट बुजवली. पेटती मेणबत्ती घेऊन तो भिंतींच्या कडेने फिरला आणि ज्योत हलली तिथे फटी बुजवायचा फोम भरला. गुणही आला. सासरे शांत झोपू लागले.

आज सून न्हाणीघरात जाऊन अर्धा तास झाला. गॅसचा गीझर घुमत होता, नळ वाहत होता, पण तांब्याचा आवाज थांबला होता. सासूबाईंनी दार ठोठावलं.

"अगं, ऐकतेस ना?"

त्यांनी पुन्हा जोराने दार वाजवलं.

"आई, ती काय लवकर बाहेर येते? मासोळीच आहे नुसती," मुलगा हसला.

"इथला झरोका बुजवलास का रे?"

"हो. तिथे तर ज्योत सगळ्यात जास्त फडफडत होती."

"अरे, मग गीझरचा विषारी वायू जाणार कुठून?"

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खांदा मारून कडी तोडली. भिंतीला टेकलेल्या सुनेला दोघांनी चादरीत गुंडाळून अंगणात आणलं. सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन देवाचा धावा करत राहिल्या. अखेर तिने डोळे किलकिले केले. मुलगा डॉक्टरांना फोन लावू लागला.

सासरे खोकत दारात आले. "फोन झाला की तो झरोका फोड," ते म्हणाले. "माझ्या खोकल्याचं मी बघून घेईन."